शिफ्ट सोडायची नाही: जुने गेम पुन्हा खेळताना आणि पहिल्या रेडला जाताना

घरात किबोर्ड एक आणि खेळणारे दोघे, म्हणून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये आमची वाटणी ठरलेली असायची. बाणांची बटणं दादाची, शिफ्ट माझी. ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांना ठाऊक असेल की माझ्या वाट्याला काही किरकोळ काम आलेलं नव्हतं. प्रिन्सची उडी चुकली आणि तो खाली जायला लागला की शिफ्ट दाबल्यावर तो कडा पकडतो, आणि शिफ्ट धरलेली असते तोवरच लटकून राहतो. तलवारीचा वार शिफ्टवर. बाटली उचलून पिणं शिफ्टवर. काट्यांच्या अलीकडे एकेक पाऊल जपून टाकणं, तेही शिफ्टवर. दादा पळवायचा आणि मी वाचवायचे. "सोडू नकोस, धर, धर!" हे त्याचं ओरडणं माझ्या डाव्या करंगळीत कायमचं जाऊन बसलं.

पुढे 2005 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात चाळीस जणांच्या रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसांवर चालून जायच्या मोहिमेला, मी प्रीस्ट म्हणून उभी राहिले, तेव्हा हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरून काढणारी, व्हायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी मी एकत्रच सांगणार आहे. लहानपणीचा गेम पुन्हा कसा चालवायचा आणि पहिल्या रेडला कसं जायचं, या माझ्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिलीत जे हात तयार होतात, तेच दुसरीत लागतात.

आधी जुना गेम सुरू तर होऊ दे

डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे गेम आजच्या संगणकावर थेट चालत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्स लागतं. 2002 साली आलेला हा प्रोग्रॅम तुमच्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करतो. आता 'डॉसबॉक्स स्टेजिंग' नावाची नवी आवृत्ती मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तीच घ्यावी, कारण तिच्यात बऱ्याच गोष्टी आधीपासून नीट लावलेल्या असतात.

गेमच्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये मोकळी जागा नसलेलं असू द्या, डॉसला तेवढंच कळतं. डॉसबॉक्स उघडल्यावर 'माउंट', मग 'सी', मग फोल्डरचा पत्ता असं लिहून एंटर करा. त्यानंतर 'सी' आणि कोलनचं चिन्ह (:), पुन्हा एंटर. 'डीआयआर' लिहिलं की फायलींची यादी दिसते, तिच्यातली ईएक्सई शेपटीची फाइल चालवायची. पहिल्यांदा ती यादी पडद्यावर सरकताना पाहिली तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. काळ्या पडद्यावरचा तो लुकलुकणारा कर्सर म्हणजे आमच्यासाठी गेमचं दारच होतं.

तीन गोष्टी मात्र स्वतः तपासा.

पहिली गोष्ट वेग. त्या काळातले काही गेम प्रोसेसर जितका पळेल तितके पळायचे. म्हणून तर जुन्या संगणकांवर टर्बो नावाचं बटण असायचं, आणि नाव काही असलं तरी त्याचा खरा उपयोग जुन्या गेमसाठी यंत्र हळू करायला व्हायचा. डॉसबॉक्समध्ये हेच काम कंट्रोल आणि एफ 11 करतं, वेग वाढवायचा तर कंट्रोल आणि एफ 12. पात्रं भिरभिरायला लागली तर घाबरू नका, गेम बिघडलेला नाही. आठवणीतला वेग येईपर्यंत थोडं थोडं कमी करत जा.

दुसरी गोष्ट चित्राचा आकार. व्हीजीएचे 256 रंगांचे गेम 320 गुणिले 200 ठिपक्यांचे असत, पण ते दिसायचे 4:3 आकाराच्या पडद्यावर, त्यामुळे प्रत्येक ठिपका किंचित उभट असे. आज तेच चित्र चौकोनी ठिपक्यांत दाखवलं की सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. 'काहीतरी वेगळं वाटतंय' असं वाटतं ते बहुतेक यामुळेच. डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' नावाची ओळ आहे, ती चालू करा. प्रिन्स पुन्हा सडपातळ होतो.

तिसरी गोष्ट आवाज. गेमचं सेटअप साउंड कार्ड विचारेल, तिथे साउंड ब्लास्टर निवडा. पत्ता 220, आयआरक्यू 7, डीएमए 1. डॉसबॉक्स मुळात हेच आकडे धरून चालतं.

एवढं करायचं नसेल तर 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जानेवारी 2015 पासून दोन हजारांहून जास्त डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतात. चव घ्यायला ते उत्तम आहे. शेवटपर्यंत खेळायचं असेल तर मात्र स्वतःच्या संगणकावरच चालवा. जतन केलेला खेळ आपल्या हातात राहतो, हे फार मोठं सुख आहे.

प्रिन्स, दोघांनी मिळून

माझा आग्रह आहे की हा गेम एकट्याने खेळू नका. किबोर्ड मधोमध ठेवा आणि आमच्यासारखीच वाटणी करा. त्याआधी विंडोजमधली 'स्टिकी कीज' ही सोय बंद करा. शिफ्ट पाचदा पटापट दाबली की ती मध्येच खिडकी उघडून प्रश्न विचारते, आणि तलवारबाजीत शिफ्ट पाचदा दाबली जातेच. शिवाय काही किबोर्ड एकाच वेळी दाबलेली तीन-चार बटणं ओळखत नाहीत, त्यातलं एखादं गिळतात. दोन बाण आणि शिफ्ट एकदम दाबून आधी पाहून घ्या. एक शिफ्ट दाद देत नसेल तर दुसरीकडची वापरा.

जॉर्डन मेकनरने हा गेम 1989 मध्ये ॲपल टू संगणकासाठी आणला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. म्हणून प्रिन्स वळताना अडखळतो आणि थांबताना दोन पावलं पुढे घसरतो. आजच्या खेळाडूला हा उशीर खटकतो, पण खरी गंमत त्या उशिरातच आहे. पळतानाची उडी कड्यावर पोचल्यावर नाही, पाऊलभर आधी ठरवावी लागते. त्या गेमचे मूळ ॲपल टूचे प्रोग्रॅम हरवलेत असंच सगळे धरून चालले होते. पुढे वडिलांना घरातल्या कपाटात त्या फ्लॉपी सापडल्या आणि 2012 मध्ये मेकनरने ते सगळं सर्वांसाठी खुलं केलं. फ्लॉप्या जपून ठेवणाऱ्या सगळ्या वडिलांबद्दल मला तेव्हापासून फार प्रेम वाटतं.

आता खेळाबद्दल. एकूण वेळ 60 मिनिटं, आणि तुम्ही मेलात तरी घड्याळ मागे जात नाही. स्पेस दाबलं की उरलेली मिनिटं दिसतात. दोन मजले खाली पडलात तर एक जीव जातो, तीन मजले पडलात तर खेळ खलास. अनोळखी खोलीत शिरताना शिफ्ट धरून चाला, म्हणजे पाऊल कड्याशी आपोआप थांबतं आणि काटेही ओलांडता येतात. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ जतन करता येतो. जतन तेव्हाच करा जेव्हा हाताशी पुरेशी मिनिटं असतील. अठ्ठावीस मिनिटांत नववी लेव्हल गाठली असेल तर ठेवा. बारा मिनिटं उरली असताना सहावीवर ठेवलेला खेळ पुढे नुसता छळतो. अशा वेळी मागे जाऊन पहिल्या लेव्हलपासून सुरू करणं जास्त शहाणपणाचं.

कागदावर नकाशा काढा, हे मी अगदी मनापासून सांगते. आमच्या वहीत प्रत्येक खोलीचा एक चौकोन होता. पडणाऱ्या फरशीला दादाने फुली मारलेली, दार उघडणाऱ्या फरशीला मी बाण काढलेला आणि दार बंद करणाऱ्या फरशीवर दोघांनी मिळून कवटी काढलेली. त्या वहीमुळे आम्ही पुढे गेलो. आज सगळ्या लेव्हलचे नकाशे तयार मिळतात, पण ते बघितलेत तर तासाभरात गेम संपेल आणि हातात काहीच उरणार नाही. आरसा, उंदीर आणि शेवटची ती सावली, यांच्याबद्दल मी इथे एक अक्षरही सांगणार नाही.

या खेळातून एकच गोष्ट घेऊन पुढे जा. मेल्यावर लगेच पुन्हा सुरू करू नका. तीन सेकंद थांबा आणि कशाने मेलो ते मोठ्याने बोला. "लवकर उडी मारली." "तू शिफ्ट सोडलीस." रेडमध्ये हेच चाळीस जणांना करावं लागतं.

मधली पायरी

प्रिन्स झाल्यावर 'डूम'. 10 डिसेंबर 1993 ला आलेल्या या गेमचा पहिला भाग बनवणाऱ्यांनीच फुकट वाटला होता आणि चार जणांना जाळ्यावरून एकत्र खेळता येत होतं. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये आयपीएक्स चालू केलं की आजही तसंच खेळता येतं. एकाने 'आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर' लिहायचं, बाकीच्यांनी 'आयपीएक्सनेट कनेक्ट' आणि पहिल्याचा पत्ता. एकमेकांना मारायचा खेळ नको, मिळून खेळायचा निवडा. अरुंद बोळात मित्राच्या पाठीत आपलीच गोळी बसते. कुठे उभं राहायचं याची अक्कल दोन संध्याकाळी असं खेळल्यावर येते.

पहिली रेड

एकाच जगात दुरून येऊन अनेकांनी खेळणं काही नवं नव्हतं. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी नुसत्या अक्षरांचं 'मड' 1978 मध्येच सुरू केलं होतं. पण ठरवून, वेळ नेमून, डझनावारी माणसांनी एका राक्षसावर चालून जायचं, याला खरा आकार आला तो मार्च 1999 मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मुळे. तिथे मेलात की सगळं सामान प्रेताजवळच राहायचं आणि ते आणायला उघड्या अंगाने परत जावं लागायचं. लूट कुणाला मिळावी यासाठीचे 'ड्रॅगन किल पॉइंट्स', म्हणजे डीकेपी, त्याच खेळातले आहेत. त्यातले ड्रॅगन होते नागाफेन आणि व्हॉक्स.

मी सांगणार आहे ते 'मोल्टन कोअर'बद्दल. नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची ही पहिल्या काळातली रेड. चाळीस जण, दहा बॉस, म्हणजे मोठे राक्षस, शेवटी रॅग्नरोस. ऑगस्ट 2019 मध्ये हा खेळ 'क्लासिक' नावाने जुन्या रूपात परत आला, त्यामुळे तुम्हालाही जाता येईल. मात्र 2019 मध्ये लोकांनी रॅग्नरोसला पहिल्याच आठवड्यात पाडलं, कारण सगळ्यांना सगळं पाठ होतं. आम्हाला पहिला बॉस पाडायला तीन आठवडे लागले होते. तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर प्रत्येक बॉसचे दोनच नियम वाचून जा, त्याहून जास्त वाचू नका. अर्धं माहीत नसण्यातली ती धडधड एकदाच मिळते.

तयारी आदल्या दिवशी करा. चिलखत दुरुस्त, आगीपासून वाचवणाऱ्या बाटल्या भरलेल्या, जखमेवर बांधायच्या पट्ट्या तयार, पिशवीत लुटीसाठी जागा. मोल्टन कोअरमध्ये थेट शिरायला एक छोटी मोहीम आधी पुरी करावी लागते, त्याला अट्यूनमेंट म्हणतात. रेडच्या रात्री दारात उभं राहून 'माझं ते राहिलंय' म्हणणाऱ्यामुळे एकोणचाळीस जण थांबतात. आणि वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा. मला स्वतःला तो वेळ फार आवडायचा. लाव्ह्याच्या काठावर लोक एकेक करून जमतायत, कुणी नाचतंय, कुणी सगळ्यांना ताकदीचे मंत्र वाटतंय, आणि हेडफोनमध्ये दहा जणांचे श्वास ऐकू येतायत.

बोलण्याचा नियम साधा आहे. आधी नाव, मग काम. "धाव, तुझ्यावर बॉम्ब आहे" असं म्हटलं तर चाळीसही जण दचकतात. नाव आधी घेतलं की एकच माणूस हलतो. तेव्हा आम्ही टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो वापरायचो, आज बहुतेक जण डिस्कॉर्डवर असतात. काहीही वापरा, पण माइक बटण दाबल्यावरच सुरू होईल असा लावा.

आता ॲग्रो, म्हणजे राक्षसाचा राग. राक्षस कुणाला मारायचं हे मनात एक हिशेब ठेवून ठरवतो, आणि तुम्ही केलेला मारा, दिलेलं हील, सगळं त्या हिशेबात जमा होतं. त्याचा राग टँकवर, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्यावर, खिळून राहायला हवा. जवळून लढणाऱ्याचा आकडा टँकच्या 110 टक्क्यांवर गेला, किंवा लांबून मारणाऱ्याचा 130 टक्क्यांवर गेला, की राक्षस वळतो आणि बहुतेक वेळा वळलेला राक्षस म्हणजे मेलेला जादूगार. म्हणून टँकने पकडल्यावर मनात पाच आकडे मोजा, मगच मारायला लागा.

हीलरसाठी दोन गोष्टी, कारण ही माझी जागा. माना (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) खर्च झाल्यावर पाच सेकंद काहीही टाकलं नाही, तर स्पिरिट या पात्राच्या गुणाच्या जोरावर माना परत भरायला लागते. म्हणजे हात आवरणं हेही कामच आहे. आणि प्रत्येक वेळी सगळ्यात मोठं हील वापरू नका. जुन्या, खालच्या रँकचं हील बटणांवर ठेवा, जखमेच्या मापाचं औषध द्या. पहिल्या महिन्यात मी घाबरून सगळं ओतायचे आणि लढाईच्या मध्यावर रिकामी उभी असायचे. त्या वेळी टँकची जीवाची पट्टी खाली जाताना नुसती बघत राहणं किती वाईट असतं, ते मी अजून विसरलेले नाही.

आत शिरल्यावर दोन मोल्टन जायंट समोरच असतात, ते धक्का देऊन उडवतात, म्हणून पाठीमागे भिंत घ्या. पुढे पाच-पाचच्या झुंडीने येणारे कोअर हाउंड थोड्या सेकंदांच्या अंतरात सगळे मारावे लागतात, नाहीतर मेलेले पुन्हा उठतात. लुसिफ्रॉन या बॉसला दोन प्रकारची जादू उतरवणारे हवेत: 'इम्पेंडिंग डूम' प्रीस्ट आणि पॅलाडिन काढतात, त्याचा शाप मेज (जादूगार) आणि ड्रुइड. मॅग्मडार चवताळला की त्याला शांत करायला हंटरची ट्रँक्विलायझिंग शॉट. गारच्या आठ साथीदारांना वॉरलॉक बांधून ठेवतात.

आणि बॅरन गेडन. हा बॉस मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तो माणसं ओळखायला शिकवतो. तो कुणा एकावर 'लिव्हिंग बॉम्ब' टाकतो. आठ सेकंदांत तो माणूस फुटतो आणि आसपासच्यांना घेऊन जातो. उपाय एकच, त्याने सगळ्यांपासून लांब पळायचं. आमच्यात एक नवा मेज होता, एरवी कधी बोलायचा नाही. पहिल्यांदा बॉम्ब त्याच्यावर आला तेव्हा तो गोठून उभा राहिला आणि अकरा जण गेले. कुणी रागावलं नाही. रेड लीडरने फक्त विचारलं, "पुढच्या वेळी कुठे पळशील, आत्ताच जागा दाखव." त्याने चालत जाऊन एका दगडाशी उभं राहून दाखवलं. पुढच्या फेरीत बॉम्ब पुन्हा त्याच्यावरच आला आणि तो बरोबर त्या दगडाशी गेला. हेडफोनमध्ये जो जल्लोष झाला तो बॉस पाडल्यावरही झाला नव्हता. तुम्ही कधी रेड चालवलीत तर हे करा. जागा आधी चालून दाखवायला सांगा.

वाइप होणारच. सगळे मेले की भुतांच्या रूपात थडग्यापासून पळत परत यायचं असतं, आणि त्या पळण्यात प्रिन्सची सवय कामाला येते. कशाने मेलो ते बोला. "माझी माना संपली होती." "मी लवकर मारायला लागलो." प्रत्येकाने आपापलंच सांगायचं, दुसऱ्याचं नाही. तीनदा त्याच कारणाने मेलात तर दहा मिनिटांची सुट्टी घ्या, हात धुऊन या.

रॅग्नरोसपर्यंत पोचायला आधीच्या सात बॉसजवळची सात रुन, म्हणजे जादुई खुणा, पाण्याने विझवावी लागतात. मग मेजरडोमो हा नववा बॉस येतो, हरतो आणि आपल्या मालकाला, रॅग्नरोसला, बोलावतो. त्याच्यासमोर पसरून उभे राहा. तीन मिनिटांत त्याला पाडता आलं नाही तर तो लाव्ह्यात बुडी मारतो आणि आठ 'सन्स ऑफ फ्लेम' वर येतात. हे जवळ आले की माना जळते, म्हणून हीलरांनी लांब पळायचं आणि टँकांनी त्यांना अडवायचं.

आमच्या रात्री त्या आठांपैकी तिघांना दादाने अडवलं होतं. तो तोवर दुसऱ्या शहरात राहायला गेला होता, आमचं बोलणंच मुख्यतः रेडमध्ये व्हायचं. त्याचा वॉरियर माझ्यापासून जेमतेम हीलच्या टप्प्यात होता, माझी माना शंभराच्या घरात आली होती, आणि हेडफोनमध्ये तो सगळ्यांदेखत, रेडची सगळी शिस्त विसरून, आमच्या जुन्या आवाजात ओरडला, "सोडू नकोस, धर, धर!" मी सगळ्यात खालच्या रँकचं हील टाकत राहिले, एकामागून एक, डाव्या करंगळीने, कारण ते मी शिफ्टवरच ठेवलं होतं. रॅग्नरोस दुसऱ्यांदा वर आला आणि पंचेचाळीस सेकंदांत पडला.

बॉस पडल्यावर लगेच लुटीकडे धावू नका. प्रिंट स्क्रीन दाबून एक चित्र घ्या, सगळ्या पट्ट्या आणि नावं दिसत असतानाच. मग ऑल्ट आणि झेड दाबून इंटरफेस लपवा आणि दुसरं घ्या. दुसरं चित्र सुंदर येतं, पण वर्षांनी उघडाल ते पहिलं, कारण नावं त्यातच असतात. चित्रं गेमच्या फोल्डरमधल्या 'स्क्रीनशॉट्स'मध्ये जातात. गेम काढून टाकण्याआधी तो फोल्डर बाहेर कॉपी करून ठेवा. माझ्या त्या रात्रीच्या चित्रात डावीकडे रेडच्या चाळीस पट्ट्या आहेत, सतरा करड्या, म्हणजे मेलेल्या. दादाची हिरवी आहे, नखाएवढी.